सॅम्पल फ्लॅटमधली शांतता

"मॅडम, ही वायर कुठे घालायची?"

समोरच्या आजोबांनी हेडफोन कानांवर चढवला होता आणि वायरचं टोक हातात धरून ते फोन उलटासुलटा करून बघत होते. फोन नवा होता. नव्या फोनला हेडफोनचं भोक नसतं. हे बिल्डरच्या परचेस डिपार्टमेंटला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यांनी स्वस्तातला माल उचलला होता.

"खिशात घाला," मी म्हटलं.

आजोबांनी निमूटपणे वायर शर्टाच्या खिशात सोडली. त्या सकाळी हाच सल्ला मी अर्ध्या सोसायटीला दिला. नायगावच्या त्या टॉवर्समध्ये नंतर बरेच दिवस लोक कानांवर हेडफोन आणि खिशात वायर घालून फिरत होते.

मी एका हेडफोन कंपनीत प्रॉडक्ट ट्रेनर आहे. म्हणजे गिऱ्हाईकाला वस्तू कशी वापरायची ते शिकवायचं आणि त्याने शिव्या घातल्या की त्या ऐकून ऑफिसला कळवायच्या. ऑफिस अंधेरीला, घर पापडीला. त्यामुळे बोरिवलीच्या पुढे कुठेही काही झालं की आमचे देशपांडे सर मला पाठवतात. त्यांच्या मते तिथून पुढे सगळं माझ्या अंगणातच आहे.

प्रकरण असं होतं. खाडीच्या बाजूला एका बिल्डरचे पहिले टॉवर्स भरले होते. लोक राहायला आले, पडदे लागले, आणि मग शेजारी दुसऱ्या फेजचं पायलिंग सुरू झालं. खाडीकाठची जमीन वरून चिखल. इमारत उभी करायची तर खाली कठीण खडकापर्यंत खांब न्यावे लागतात, त्याला पायलिंग म्हणतात. ते दोन तऱ्हांनी होतं. एक, मोठं मशीन, ज्याला रिग म्हणतात, ते जमिनीत स्क्रूसारखं फिरत खाली जातं. ते महाग. दुसरी रीत स्वस्त. तिपाई उभारायची, विंचने लोखंडाचं धूड वर उचलायचं आणि सोडून द्यायचं. धप्प. पुन्हा उचलायचं. धप्प. सकाळी सुरू झालं की दिवस मावळेपर्यंत.

बिल्डरने कोणती रीत निवडली हे सांगायची गरज नाही.

रहिवाशांनी रिग मागितली. बिल्डरने हेडफोन दिले. आमच्या कंपनीचे, वायरवाले, नॉइज कॅन्सलिंग, प्रत्येक फ्लॅटला एक. घरात माणसं चार, कान आठ, हेडफोन एक. लोकांचं समाधान झालं नाही. त्यांनी महापालिकेत तक्रार केली. तेव्हा बिल्डरने रिगऐवजी एक खातं उघडलं, कस्टमर डिलाईट. त्याचा हेड कौस्तुभ, तिशीतला, केस जेलने बसवलेले, बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकट काढायची सवय.

"मॅडम, आपल्याला हॅपी कस्टमर स्टोरीज हव्यात," त्याने चौकट काढली. "प्रत्येकाचा छोटा व्हिडिओ. आवाज बंद झाला, आम्ही खूश आहोत. तेवढे व्हिडिओ महापालिकेत दाखवले की तक्रार क्लोज."

"आणि पायलिंग?"

"ते चालूच राहणार ना."

मी देशपांडे सरांना फोन लावला. ते म्हणाले, "सिल्विया, लोकांकडून चांगलं तेवढं वदवून घे. पुढच्या फेजची ऑर्डर आपल्यालाच द्यायचं म्हणतायत. आपण हेडफोन विकतो, बिल्डिंगा नाही."

डेमो ठेवला होता सॅम्पल फ्लॅटमध्ये. फ्लॅट विकत घेणाऱ्यांना दाखवायला सजवलेलं घर असतं ते. पलंग नेहमीपेक्षा आखूड ठेवतात म्हणजे खोली मोठी दिसते. हा फ्लॅट पायलिंगच्या पार उलट्या टोकाला होता. दुहेरी काचा, खिडक्या बंद, एसी फुल. लोक आत येत, हेडफोन घालत, मी बटण दाबे, आणि एसीची घरघर नाहीशी होई.

"अरे वा!" लोक म्हणत.

कौस्तुभ लगेच तो "अरे वा" टिपून घेई.

ही जादू काय आहे ते सांगते. या हेडफोनवर बारीक माइक असतात. ते बाहेरचा आवाज ऐकतात आणि वायरवरच्या डबीतलं, सेलवर चालणारं सर्किट त्याच्या बरोब्बर उलटा आवाज कानात सोडतं. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. पण त्यासाठी आवाज एकसुरी लागतो. एसी, पंखा, जनरेटर, विमानाचं इंजिन. अचानक येणारा ठोका या सर्किटला फारसा सापडत नाही. माणसाचं बोलणंही बऱ्यापैकी आत येतं. हे सगळं खोक्यावर लिहिलेलं असतं, अशा अक्षरात की वाचायला भिंग लागावं.

त्यामुळे तक्रारीही तशाच होत्या. एक गृहस्थ बटण न दाबताच इतके दिवस घालून बसत होते आणि फरक पडल्याचं शपथेवर सांगत होते. एका काकूंचं म्हणणं, सगळं ठीक आहे पण मिस्टरांचा आवाज अजून येतो, तेवढा काढून द्या. एका मुलीच्या कडेवर तान्हं बाळ होतं. तिने विचारलं, "बाळाच्या साइजचा आहे का हो? ठोका पडला की दचकून उठतं." कौस्तुभ म्हणाला, "सजेशन नोट केलंय मॅम." त्याने काहीही नोट केलं नव्हतं. मला तिथेच त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. तो कुठल्याच हेडफोनने कॅन्सल झाला नसता.

सगळ्यांत मागे एक बाई हेडफोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शीतल कदम. मूळच्या साताऱ्याच्या. त्या घरून मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन करतात, म्हणजे परदेशातले डॉक्टर पेशंटबद्दल जे रेकॉर्ड करून पाठवतात ते ऐकून टाइप करायचं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे बाहेरची नोकरी शक्य नव्हती. पायलिंग सुरू झाल्यापासून त्यांच्या चुका वाढल्या होत्या. कंपनीने वॉर्निंग दिली होती. आणखी एक महिना असाच गेला की काम बंद.

"तुमच्या लॅपटॉपला वायर लागते ना?" मी विचारलं. मला वाटलं, निदान एक तरी गिऱ्हाईक सापडलं.

"लागते की. म्हणून तर कळलं," त्या म्हणाल्या. "आधी साइटवरच्या जनरेटरची घरघर असायची. तिच्यात ठोका जरा मुरायचा. आता घरघर गेली आणि ठोका तेवढा राहिला. तुम्ही भाजी काढून घेतलीत आन् मिरची ताटात ठेवलीत."

मी इतकी वर्षं ट्रेनिंग देते, पण हे इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

कौस्तुभ पुढे आला. "मॅम, फिटिंगचा इश्यू असणार. कानावर नीट बसला की झीरो नॉइज."

"मग तुम्हीच घाला. पण इथं नाही, माझ्या घरी."

कौस्तुभने मागे हटायला हवं होतं. पण स्वतःचंच ब्रोशर वाचून त्याचा त्यावर विश्वास बसला होता. "डन!" तो म्हणाला. "उलट बेस्टच. पायलिंगच्या समोर बसून मीच बोलतो. आणि मॅम, शूट तुमच्या फोनवर करू. रिअल कस्टमरच्या फोनवरून सोसायटीच्या ग्रुपवर पडलं की लोकांना खरं वाटतं."

आम्ही तिघं कदमांच्या घरी गेलो. खिडकीला लागून टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि खिडकीबाहेर ती तिपाई. ठोका पडला की किचनच्या मांडणीवरचे स्टीलचे डबे किणकिणत. नुसता आवाज नव्हता तो. पायाखालची फरशीही सांगत होती.

कौस्तुभ खुर्चीत बसला. शीतलताईंनी वायर लॅपटॉपला जोडली, एका डॉक्टरचं रेकॉर्डिंग लावलं आणि आपला फोन माझ्या हातात दिला. मी हेडफोनचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. फिटिंगही नीट तपासलं. त्यात खोट राहायला नको होती.

"नमस्कार! मी आत्ता साइटच्या अगदी समोर बसलोय!" कान झाकलेला माणूस ओरडून बोलतो आणि त्याचं त्याला कळत नाही. "आणि मला काहीच..."

धप्प. त्याचे डोळे गच्च मिटले.

"...काहीच आवाज..."

धप्प. खांदे कानांपर्यंत गेले.

"...येत नाहीये! एकदम पीसफुल!"

धप्प. या वेळी तो खुर्चीतून चक्क उडाला, पण तोंडावरचं हसू त्याने सोडलं नाही. त्याबाबतीत त्याला मानलं पाहिजे.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा क्षीण आवाज आला. "शीतल, कोन बोंबलतंय गं?"

"कोणी नाही आत्या, बिल्डरची माणसं आलीत. आपल्याला शांतता द्यायला."

शूटिंग माझं काम नाही. एरवी माझा हातही हलतो. त्या दिवशी मी फोन जराही हलू दिला नाही.

"कसं आलं?" कौस्तुभने हेडफोन काढत विचारलं.

"नॅचरल आलं," मी म्हटलं.

त्याने व्हिडिओ बघितला नाही. पुढच्या विंगमध्ये आणखी काही जणांना डिलाईट करायचं होतं. "टाका मॅम ग्रुपवर," असं शीतलताईंना म्हणत तो लिफ्टकडे गेला. "आणि सगळ्यांना फॉरवर्ड करायला सांगा."

शीतलताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. लोकांनीही सांगितल्याप्रमाणे केलं. संध्याकाळपर्यंत पार एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या माझ्या चुलतबहिणीने तो मलाच पाठवला. खाली लिहिलं होतं, 'सिल्वी, हा माणूस आजारी आहे का गं?'

दुसऱ्या फेजमध्ये बुकिंग केलेल्यांपैकी बरेच जण पहिल्या फेजवाल्यांचेच भाऊ, मेहुणे, ऑफिसमधले मित्र होते. त्यांच्याकडेही तो पोचला. रविवारी मंडळी सॅम्पल फ्लॅट पुन्हा बघायला आली. या वेळी कोणी मॉड्युलर किचन बघितलं नाही, पलंगावर बसून बघितलं नाही. आत आल्या आल्या सगळ्यांची एकच मागणी, "खिडकी उघडा." सेल्सची मुलगी खिडकीपाशी गेली, तर ती उघडेना. ती उघडायची सोयच केलेली नव्हती. काहींनी तिथेच बुकिंग रद्द करायचं सांगितलं.

सोमवारी देशपांडे सरांचा फोन आला.

"सिल्विया, हे काय करून ठेवलंस?"

"सर, तुम्ही फीडबॅक घ्यायला सांगितला होता."

"चांगला घ्यायला सांगितला होता!"

"तो माणूस चांगलंच बोलत होता, सर. तुम्ही नीट ऐका."

त्यांनी फोन आपटला. ऑर्डर गेली असं मी धरून चालले.

पण तिपाई उतरली आणि साइटवर रिग आली. तान्ह्या बाळाने, अंथरुणावरच्या म्हातारीने आणि शीतलताईंच्या नोकरीने जे हललं नव्हतं, ते रद्द झालेल्या बुकिंगने हललं. कौस्तुभने सगळ्यांना मेसेज पाठवला की आपल्या परिवाराच्या प्रेमाखातर आम्ही तंत्रज्ञान अपग्रेड करत आहोत. सोबत हात जोडलेलं चित्र होतं.

आता रिग कशी वाजते? घर्रर्र, दिवसभर, एकाच सुरात. म्हणजे आमच्या हेडफोनला हवा तसा आवाज. शीतलताईंचा फोन आला. "आता चालतोय बरं का तुमचा हेडफोन. हा महिना नीट गेला. कंपनीने वॉर्निंग मागे घेतली." मला मनापासून बरं वाटलं. इतकं बरं की मी अंधेरीच्या ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

पाठोपाठ कौस्तुभचाही फोन आला. "बघितलंत मॅडम? एकही तक्रार नाही. मी म्हटलं होतं ना, हेडफोन दिले की प्रॉब्लेम सॉल्व्ह होतो. तिसऱ्या फेजसाठी पण तेच पाठवा. वायरवालेच."

ऑर्डर आली. देशपांडे सरांनी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की ग्राहकांचा चांगला अनुभव हेच आपलं बळ आहे. मी टाळ्या वाजवल्या.

नवीन ट्रेनी आले की मी पहिल्या दिवशी त्यांना एकच गोष्ट सांगते. डेमो गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन द्या. सॅम्पल फ्लॅटमध्ये काहीही चालतं. तिथे तर नळाला पाणीसुद्धा येतं.