चौदा नंबरचा दांडा

ऑफिसात त्याला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत. शिकवण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका कंपनीत तो नातेवाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचा. पण कॉलेजात तो इतिहास, तत्त्वज्ञान आणि कविता शिकला होता, आणि त्या ऑफिसात टोपणनाव पडायला तेवढा गुन्हा पुरेसा होता.

“कविता वाचून कुणाच्या घरची चूल पेटलीय?” असं मामा चार वर्षं विचारत राहिला. नोकरी लागली तेव्हा तोच मामा भेटेल त्याला सांगत सुटला, “आमचा भाचा नुसत्या शब्दांवर पोट भरतो!” खरंच भरत होता, आणि चांगलं भरत होता.

कॉलेजातल्या बाईंनी त्याला दोन सवयी लावल्या होत्या. लिहिण्याआधी मूळ कागद बघायचा, आणि ज्याला लिहायचं त्याच्या जागी जाऊन बसायचं. प्रोफेसरने दोन्ही इमानेइतबारे पाळल्या. तक्रार आली की तो त्या खोलीची नोंदवही मागवून घेई, काय घडलं ते नीट समजून घेई, आणि मग नेमकं तेवढं वगळून बाकी सगळं पत्रात लिही. पत्र वाचून माणसं रडायची. रडली की भांडायची नाहीत. साहेब त्याच्यावर बेहद्द खूश होते.

चौदा नंबरच्या आजी न्हाणीघरात पडल्या आणि आठवड्याभरात गेल्या. वहीत सेविकेच्या हातची एकच नोंद तीन वेगवेगळ्या तारखांना होती : ‘धरायचा दांडा हलतो. आजी घाबरतात.’ प्रोफेसरने ती वाचली आणि वही मिटली. मग आजींच्या मुलीला दीड पान लिहिलं. आईचा हात, त्याचा आधार, सुटल्यावरही उरणारी ऊब वगैरे. हात आणि आधार! दांडा निखळून पडलेल्या बाईच्या लेकीला! ‘ऊब’ हा शब्द सुचला तेव्हा तर तो स्वतःवरच खूश होऊन चहा प्यायला गेला होता. त्या चहाची त्याला पुढे सगळ्यात जास्त शिसारी आली.

कारण महिन्याने ती मुलगी आली. ते पत्र तिने फ्रेम करून आणलं होतं.

“तक्रार करायला वकिलाकडे जाणार होते मी,” ती साहेबांसमोर त्याला म्हणाली. “तुमचं पत्र आलं आणि माझी मलाच लाज वाटली.”

“याला म्हणतात शिक्षण!” साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. अंगावर पाल पडावी तसा तो शहारला. आपण इतकी वर्षं वाचलं ते यासाठी? चोराला कुलपं कळावीत तशी आपल्याला माणसं कळतात, असं त्याला वाटलं.

“आईची खोली एकदा बघू?” तिने विचारलं.

साहेबांनी त्यालाच सोबत पाठवलं. चौदा नंबरमध्ये आता एक आजोबा राहायला आले होते. ते खुर्चीत बसले होते. तिने पलंगावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि ती निघाली. दार चार पावलांवर होतं. गप्प राहिलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं.

“एक मिनिट,” तो म्हणाला. त्याने न्हाणीघराचं दार उघडलं. “हा दांडा जरा धरून बघा.”

तिने धरला. दांडा हलला आणि भिंतीतून भुगा खाली पडला. त्याच मोठ्या झालेल्या भोकांत कुणीतरी तेच स्क्रू परत पिळले होते.

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो. वहीत होतं.”

“पत्र लिहिण्याआधी?”

“आधीच वाचलं होतं.”

तिने हाताला लागलेला भुगा झटकला.

“आईच्या शोकसभेत चाळीस माणसांसमोर वाचलं हो मी ते पत्र,” ती म्हणाली. “दोनदा. लोकांनी परत वाचायला लावलं.”

मागून आजोबा काठी टेकत आले.

“झालं का तुमचं?” त्यांनी विचारलं. “मला आत जायचंय.”