पुढं निघून गेलेला भरत

पिंपळवंडीच्या भरतला डोंगर फार आवडतात, असं त्याचं स्वतःचं म्हणणं आहे. त्याच्या कृषी सेवा केंद्रात शिरलं की समोरच त्याचा मोठा फोटो दिसतो. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, एक पाय दगडावर आणि मागं कडा. खाली लिहिलंय, ‘सह्याद्रीचा वाघ’. गिऱ्हाईक टोमॅटोचं औषध मागायला आलं तरी आधी त्या फोटोची कथा ऐकतं आणि मगच त्याला औषध मिळतं. तो फोटो जीवधन किल्ल्यावरचा आहे, असं भरत सांगतो. मी त्या दिवशी बरोबर होतो. तो निम्म्यातनं परत फिरला होता. पायऱ्यांना ओल आहे म्हणाला आणि खाली घाटघरला जाऊन पिठलं-भाकरी खात बसला. फोटो पायथ्याच्या एका दगडावर काढलेला.

मी मंचरचा. माझंही बी-बियाण्यांचंच दुकान आहे, म्हणून भरतशी वीसेक वर्षांची ओळख. दोस्ती म्हणायला जीभ वळत नाही, पण कंपनीच्या मीटिंगा, डीलरांची लग्नकार्यं, मयती, सगळीकडं तो भेटतोच. आणि भेटला की पुढं उभा असतो. फोटोत मधोमध, जेवणाच्या पंगतीत वाढप्याच्या तोंडाशी. त्याच्या वडलांनी जमीन नीट राखली, थोरल्या भावानं बाग लावली, आणि धाकट्याला काहीच जमेना म्हणून दुकान काढून दिलं. दुकान खरं तर त्याची बायको चालवते. भरत बोलतो.

दोन वर्षांमागं एका कंपनीनं आम्हा डीलरांना जॉर्जिया देशात नेलं. एवढी पोती खपवा, एवढं फिरायला नेतो, असा आमच्या धंद्यात रिवाजच आहे. आम्ही चाळीसभर माणसं होतो. त्यात येडगावचा संपत होता, अंगानं जाड, स्वभावानं त्याहून मऊ. त्याची लेक समृद्धी भरतच्या पुतण्याला दिलेली, त्यामुळं वयानं मोठा असूनही संपत भरतला ‘भाऊ, भाऊ’ करायचा. दुसरा मढचा रामनाथ. भातपट्ट्यातला माणूस, छोटं दुकान, कमी बोलणारा. विमानात आम्हा चौघांची रांग एक आली आणि तेवढ्यावरून आमचा ग्रुप झाला.

तिथं उतरल्या उतरल्या भरतनं पहिलं शहाणपण केलं. आम्ही सिमकार्ड घ्यायला निघालो, तर यानं अडवलं. “चौघांनी चार सिमं कशाला राव? मी घेतो एक. माझ्या हॉटस्पॉटवर चालवा सगळे.” आम्हाला वाटलं, चला, माणूस दिलदार आहे. त्याचा अर्थ असा झाला की घरी फोन करायचा तर भरतच्या मागं मागं फिरायचं. संपत बायकोशी बोलायचा तोही भरतच्या खांद्याला खांदा लावून.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्हाला काझबेगी नावाच्या डोंगरगावात नेलं. गावाच्या वर, उघड्या गवताळ टेकाडावर एक जुनं दगडी चर्च आहे. तिथवर जीपनं नेतात. आमच्याबरोबर टूर मॅनेजर म्हणून श्रेया नावाची पुण्याची मुलगी होती. तिनं सगळ्यांना बजावून सांगितलं, “फोटो काढा, चर्च बघा आणि परत जीपपाशी या. ज्यांना चालत उतरायचंय त्यांनी मला सांगून, मोठ्या पायवाटेनंच उतरायचं.”

भरतनं ऐकलं आणि हसला. चर्चच्या मागं आणखी वर चढत जाणारी पायवाट होती. त्यानं मोबाइल समोर धरून लाइव्ह सुरू केलं. “मित्रांनो, इथपर्यंत तर कुणीबी येतं. आम्ही सह्याद्रीची पोरं. आता वर बर्फ बघून येणार.” मग आमच्याकडं वळून म्हणाला, “काय, येताय का म्हातारे झालात?”

आम्ही गेलो. श्रेयाला त्यानं लांबूनच ओरडून सांगितलं, की आम्ही चालत उतरू, तुम्ही व्हा पुढं. निघताना कंपनीचं भलंमोठं बॅनर त्यानं रामनाथच्या खांद्यावर दिलं, बर्फाशी फोटो काढायला. वारा झोंबायला लागला तशी त्याला थंडी वाजली. वाघाच्या अंगात नुसतं टीशर्ट होतं, कारण जाड कपड्यात फोटो चांगला येत नाही. संपतच्या अंगात जाकीट आणि आत स्वेटर, त्याच्या बायकोनं, अश्विनीवहिनींनी, पुण्यातल्या तिबेटी स्टॉलवरून हौसेनं आणलेला. संपतनंच तो काढून दिला. “घ्या भाऊ, मला काय, चरबी हाये.”

वाटेवर दगडांना लाल-पांढरे पट्टे मारलेले होते. मी म्हणालो, या खुणा धरून चालू. भरत म्हणाला, “त्या नवशिक्यांसाठी असतात.” बर्फ काही आम्हाला दिसलं नाही. गवताचं एक टेकाड संपलं की दुसरं समोर यायचं, संपत धापा टाकत होता, आणि बघता बघता खालून धुकं आलं. माळशेजला येतं तसं मऊ, पावसाळी नव्हे. कोरडं, बोचरं. हात लांब केला तर बोटं पुसट दिसावीत असं.

“परत फिरू,” मी म्हणालो.

“फिरू की,” भरत म्हणाला आणि डावीकडं उतरायला लागला.

“अरे, पट्टे उजव्या अंगाला होते.”

“मला डोंगराचा अंदाज आहे. तू मंचरचा. तुमच्याकडं सपाटी.”

रामनाथनं तेवढ्यात “भाऊ, जरा थांबू, धुकं निघंल” म्हणून पाहिलं, पण भरत पुढं गेला होता, आणि एकट्याला कसं सोडायचं म्हणून आम्ही तिघं मागं. माणूस पुढं चालायला लागला की मागची माणसं चालतात. एवढ्याच एका गुणावर भरतचं आयुष्य चाललंय.

गवत संपलं आणि सुट्या दगडांची घसरण लागली. खाली कुठंतरी पाण्याचा आवाज येत होता. भरत म्हणाला, ओढा धरला की गाव येतंच. धुकं क्षणभर फाटलं, ओढा दिसला, पण आमच्यात आणि त्याच्यात सरळसोट कडा होता. आता परत वर चढायचं. वळताना संपतचा पाय दगडावरून निसटला, गुडघा मुरगळला आणि तो बसला तो उठेचना. तोंड पांढरंफटक पडलं. आम्ही त्याला बगलेत धरून उभं करून पाहिलं. पाय टेकवला की कळवळायचा.

तेव्हा मी भरतकडं पाहिलं. त्याचा चेहरा मला पहिल्यांदाच फोटोतल्यासारखा दिसत नव्हता. ओठ कोरडे, नजर इकडंतिकडं. त्यानं मोबाइल वर धरला. रेंज नव्हती.

“मी मदत घेऊन येतो,” तो म्हणाला. “तुम्ही हलू नका.”

“मग फोन ठेवून जा,” मी म्हणालो. “रेंज आली तर लावता येईल.”

“मला लागंल ना. मी रेंजमध्ये गेल्याबरोबर फोन करतो श्रेयाला.”

“आणि स्वेटर?”

हे रामनाथ बोलला. संपत थंडीनं थरथरायला लागला होता. भरतनं ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं. आल्या वाटेनं भराभर चढून धुक्यात गेला. आश्चर्य म्हणजे, त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात चपळ चालणं तेच होतं.

आम्ही बसलो. आधी भरतच्या येण्याची वाट पाहत बसलो, मग नुसतेच बसलो. रामनाथनं बॅनर उलगडलं आणि संपतला त्यात गुंडाळलं. त्याच्या छातीवर ‘भरघोस उत्पन्नाची हमी’ आली आणि पोटावर टोमॅटोचा घड. दुसऱ्या कुठल्या वेळी आम्ही हसलो असतो. मी रामनाथला विचारलं, “तू डोंगरातला. काय वाटतं, कुठनं जावं?”

“मढच्या डोंगरात म्हैस हरवली तर हुडकून आणीन,” तो म्हणाला. “हितं मला झाडसुद्धा वळखू येईना. उगं काय सांगू?”

त्या दिवसात खरं बोललेला तो पहिला माणूस. आम्ही आळीपाळीनं हाका मारायला लागलो. संपत मध्येच म्हणायचा, “भाऊ येतीलच आता.” दर वेळी त्याचा आवाज आधीपेक्षा बारीक यायचा. एकदा तर तो म्हणाला, “समृद्धीला यातलं काय सांगू नका. तिच्या सासरी वाईट दिसंल.” माणूस थंडीनं निळा पडत चाललेला आणि त्याला काळजी कशाची, तर भरतचं नाव खराब होईल याची. मला संपतचाही राग आला.

उजेड कमी होत होता तेव्हा कुत्री भुंकली. वासराएवढाली कुत्री धुक्यातून आली, त्यांच्यामागं मेंढरं, आणि मेंढरांमागं घोड्यावर एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याचा जोडीदार. भाषा त्यांची त्यांना, आमची आम्हाला. म्हाताऱ्यानं बॅनरमधल्या संपतकडं पाहिलं, बॅनरवरच्या टोमॅटोंकडं पाहिलं आणि काहीतरी बोलून मोठ्यानं हसला. मग खाली उतरला, संपतचा गुडघा चाचपला, आपली घोंगडी त्याच्या अंगावर टाकली आणि दोघांनी मिळून त्याला घोड्यावर चढवलं. संपतचं वजन पाहता तो घोडाही धन्य म्हणायचा. आम्ही त्यांच्या मागं उतरलो. सडक आमच्यापासून फार लांब नव्हती, हेच सगळ्यात लाजिरवाणं. सडकेवरच्या टपरीवाल्यानं आपल्या व्हॅनमधून आम्हाला हॉटेलात सोडलं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत.

हॉटेलच्या जेवणघरात आमची सगळी मंडळी जेवत होती. बरोबर आणलेल्या आचाऱ्यानं वरण-भात केला होता. भरत मधल्या टेबलावर होता. अंघोळ केलेली, केस विंचरलेले, अंगात संपतचा स्वेटर. त्याच्या ताटात दुसऱ्यांदा घेतलेला भात होता. हे मी अंदाजानं सांगत नाही. वाढणारा “अजून?” असं विचारत होता, तेव्हाच आम्ही दारात उभे राहिलो.

श्रेया धावत आली. “हे काय झालं? भरत सर तर म्हणाले, तुम्ही बाजारात खरेदीला थांबलाय, मागून येताय!”

भरत उठला. मला वाटलं, आता हा माणूस खाली बघेल. त्यानं दोन्ही हात पसरले आणि लंगडणाऱ्या संपतला मिठी मारली. “आलात! मला खात्री व्हती!” मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी मुद्दाम बोललो न्हाई. उगं पॅनिक झालं असतं. आता मी निघणारच व्हतो जीप घेऊन.”

“भात संपवून?” मी विचारलं.

“तुला थंडी लागलीय, तू बस,” तो म्हणाला आणि आचाऱ्याला हाक मारली, “अरे, यांना गरम गरम वाढा!”

काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

परत आल्यावर त्याचा व्हिडिओ निघाला. धुकं, धापा टाकणारा आवाज, ‘साथीदारांना मृत्यूच्या दाढेतून’ वगैरे. आळेफाट्याला डीलरांच्या संघटनेनं सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. ज्या संघटनेला खताच्या टंचाईत कलेक्टरपुढं उभं राहायला माणूस मिळत नाही, तिला फेटा बांधायला चारजण मिळाले. संपतला काठी टेकत स्टेजवर नेलं आणि हातात माइक दिला.

“भरतभाऊ व्हते,” संपत म्हणाला, “म्हणून आज मी हितं हाये.”

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला गाडीशी गाठलं. “अरे, लाज नाही वाटली?”

“वाटली की,” संपत म्हणाला. “पण तुमची पोरगी न्हाई त्यांच्या घरात. माझी हाये. उद्या तिला कोन बोललं, तर तुमी येनार का पिंपळवंडीला भांडायला?”

तेवढ्यात अश्विनीवहिनी, गाडीत बसता बसता, फेटेवाल्या घोळक्याकडं वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “भाऊ, आमचा स्वेटर तेवढा धुऊन पाठवा बरं का!”

“हो हो वहिनी,” भरत म्हणाला. स्वेटर गेला नाही. संघटनेच्या पुढच्या निवडणुकीत तो अध्यक्ष मात्र झाला.

मागच्या महिन्यात नारायणगावला टोमॅटो मार्केटसमोर चहाला थांबलो, तर बाकड्यावर भरत. भोवती चार-पाच नवखे शेतकरी. कथा निम्म्यात आली होती. तिच्यात आता लांडगे आले होते. आणि संपतला पाठीवर घेऊन भरतनं ओढा पार केला होता. मी कप हातात घेऊन ऐकत उभा राहिलो. तोही मला बघून थांबला नाही. उलट त्याला जोर चढला.

“आन् हे आमचे मंचरचे दोस्त,” माझ्याकडं बोट करून तो म्हणाला, “हे तर रडायलाच लागले व्हते. मी म्हनलं, गप ऱ्हावा, मी हाये.”

“भरत,” मी म्हणालो, “मी होतो तिथं.”

“तेच सांगतोय ना राव!” तो आनंदानं शेतकऱ्यांकडं वळला. “हे सोता व्हते तिथं. इचारा यांना.”

शेतकरी माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. एकानं सरकून मला बसायला जागा दिली.