विळा कशाला पायजे?

किन्हवलीहून इकडे इंग्लंडला निघाले त्या दिवशी तुम्ही अर्धी आळी एसटीच्या थांब्यावर आला होतात. कुणी नाचणीचं पीठ दिलं, कुणी सुकट कागदात बांधून दिली. डोळखांबहून आलेली माझी भावजय हळूच बोलली, "गो वन्सं, तिकडं भाजी चिराया काय गावंल का नाय?" म्हणून माहेरचा विळा मी जुन्या लुगड्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत टाकला. सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकायचा असतो, हे मला कोण सांगणार?

विमानतळावर पिशवी यंत्रातून गेली आणि वर्दीतल्या मुलीने मला बाजूला घेतलं. "आजी, हा कशाला हवा?" मी म्हटलं, "भाजीला गो. आणि माझ्या बाचा हाय." ती हसली, पण विळा काही परत दिला नाही. खरं सांगते, मला राग आला नाही. उलट वाटलं, पोरीने विचारलं ते बरं केलं. आमचा बा असाच विचारायचा.

तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना बा आठवत असेल. डोळखांबच्या वरच्या पाड्यात त्याच्याकडे एकच चांगली कुऱ्हाड होती. मागायला येईल त्याला द्यायचा, पण आधी विचारायचा, "कशाला पायजे?" उत्तर पटलं की कुऱ्हाड भुईवर ठेवायचा आणि समोरच्याने ती उचलायची. धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही, ही आपली रीत. एकदा बांधावरनं भांडण झालं आणि चुलता तणतणत आला. बा कुऱ्हाड मांडीखाली घेऊन उंबऱ्यावर बसला.

"कशाला पायजे?"

"तू काय कचेरी उघडलीस काय रे?"

"उघडली. अर्ज सांग."

चुलता दुपारपर्यंत अंगणात बसला. चहा पिला, शिव्या दिल्या, मग चुलतीच्या तब्येतीचं बोलला, मग गेला. कुऱ्हाड न्यायला नंतर कधी आलाच नाही.

आता इकडचं सांगते. माझा निलेश पंधरा वर्षांपासून इंग्लंडात आहे. त्याचे वडील गेल्यावर तो मला इथे घेऊन आला. घरात तो, सून आणि दोन नाती. गाव लहान, थंडी मोठी. निलेश शहापुरात आयटीआय शिकलेला, इथे लोखंडी सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मशीनवर आहे. मी लायब्ररीत फुकटच्या वर्गाला जाते, 'थँक्यू' आणि 'सॉरी' यांवर आठवडा काढते. शेजारी जोन म्हणून बाई आहे, पूर्वी नर्स होती. तिची माझी भाषा जुळत नाही, पण बागेतलं गवत दोघींनाही बघवत नाही, म्हणून मैत्री झाली.

खंडेनवमी आली. आपल्याकडे विळा, कोयता, कुदळ धुऊन मांडतात. इथे मी काय मांडू? सुरी, कात्री, सुनेचा लॅपटॉप, निलेशचे नट आवळायचे पाने मांडले. त्याच्या टेबलावर कागदांवर ठेवायला एक चकचकीत तुकडा होता, आकड्यासारखा वाकलेला. कारखान्यात नापास झालेला, तो घेऊन आला होता. म्हटलं, पोराच्या हातचं काम, त्याला पहिला मान. हळदकुंकू वाहिलं. झेंडू नव्हता, जोनने तिच्या बागेतली पिवळी फुलं आणून दिली. फूल वाहताना तिने तो तुकडा बघितला आणि निलेशला काहीतरी विचारलं. तो खाली बघून बोलला. जोनने उरलेली फुलं टेबलावर ठेवली आणि घरी गेली.

"काय बोलली रे ती?"

"काय नाय, आये."

"निल्या."

"विमानाखाली बॉम्ब असतो ना, त्याला धरून ठेवतो तो आकडा. आणि बटण दाबलं की सोडतो."

"कुठं सोडतो?"

"ते आपल्याला नाय ठाऊक. दुसऱ्या देशांना विकतात."

"कुठल्या? आणि त्यांना कशाला पायजे?"

"आये, तिथं कुणी असं विचारत नाय."

मी सुरी-कात्री उचलली. तो तुकडा कुठे ठेवावा ते मला कळेना. पुजलेली वस्तू फेकता येत नाही. पुसला, तरी खाचेतलं कुंकू निघालं नाही. अजून तो खिडकीत आहे.

मला मात्र चैनच पडेना. एका विळ्यासाठी मला बाजूला घेऊन विचारलं, आणि हे खोके भरून जातं त्याला कोण विचारतं? नातीला मधे बसवून मी जोनला प्रश्नावर प्रश्न विचारले. तिने सांगितलं, सरकार परवाना देतं; पण माल कुणाच्या हाती जातो आणि कुणाच्या घरावर पडतो, हे लोकांना धड सांगत नाही. म्हणून महिन्यातून एका मंगळवारी ती आणि आठ-दहा माणसं कारखान्याच्या फाटकासमोर पाट्या घेऊन उभी राहतात. तिने एक फोटो दाखवला. पडलेल्या घरापुढे माझ्याच वयाची बाई, हातात नुसता तवा. मी निघाले तेव्हा मला ओवाळलं होतं. हिला निघताना तवाच का घ्यावासा वाटला असेल, हे मी अजून मनात विचारते.

निलेशला म्हटलं, मी जाणार. त्याने जेवण अर्धं ठेवलं. "या गावात दुसरा कारखाना नाय, आये. माझी नोकरी गेली तर पुन्हा बिऱ्हाड उचलायचं, पोरींची शाळा तोडायची. तुला तरी पुन्हा जमेल का?" खोटं नव्हतं ते. बिऱ्हाड उचलणं काय असतं, ते मला कुणी शिकवायला नको.

पहिल्या मंगळवारी मी समोरच्या बसथांब्यावर बसून राहिले, जशी काही बसची वाट बघते. चार बस गेल्या. जोन लांबून हसत होती. दुसऱ्या महिन्यात पुठ्ठा घेतला आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कशाला पायजे?' खाली जोनने तेच इंग्रजीत लिहिलं. शिवी नाही, घोषणा नाही. फाटकावरच्या रखवालदाराने वाचलं आणि खांदे उडवले.

आता पाच महिने झाले. फाटकावर निलेश मला ओळख दाखवायचा नाही, मीही दाखवायची नाही. पण डबा मीच करते, आणि नेमका त्या मंगळवारी तो डबा घरी विसरतो. म्हणून मी पाटी जोनकडे देते, रस्ता ओलांडते आणि डबा फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवते. तो येऊन उचलतो. बोलायचं नाही, असं न ठरवता ठरलेलं.

गेल्या मंगळवारी डबा उचलून तो तिथेच थांबला.

"आये, मी आज साहेबाला विचारलं. कुठं जातं म्हणून."

"मंग?"

"बोलला, तुला काय करायचंय?"

"तू काय बोललास?"

"बोललो, घरी आयेला सांगायचंय."

नोकरी राहील की जाईल, अजून ठाऊक नाही. सून दुसऱ्या गावातल्या शाळांची चौकशी करतेय, गुपचूप. तुम्ही फोनवर विचारता, घरची आठवण येते का? येते. पण घर म्हटलं की आता मला किन्हवलीचं दार दिसत नाही आणि इथलंही नाही. बाचा उंबरा दिसतो, ज्याच्यावर धारेची वस्तू मांडीखाली घेऊन कुणीतरी बसलंय. साहेबाला विचारलं त्या दिवशी निलेश तिथे थोडा वेळ बसला. उठायची वेळ आली तर बिऱ्हाड मी बांधीन. मला आता सवय आहे, आणि विळा कुठल्या बॅगेत टाकायचा तेही ठाऊक आहे.