वहिनीचा बायोडेटा

दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात कुणाचा तरी बायोडेटा वाचत होतो. नोकरभरतीचंच काम माझं, वीस वर्षं. "वहिनी गेली रे तुझी... झोपेतच," दादा म्हणाला. मी फोन ठेवला आणि हातातलं पान शेवटपर्यंत वाचून काढलं. याला सहा आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही.

गेल्या वर्षी आमची आई गेली. त्यानंतर महिन्याभराने वहिनी दादाच्या गोडदेवच्या घरून चालत, स्टेशनजवळच्या आमच्या घरी आली. हातात प्लास्टिकचा फोल्डर. काशीगावात वृद्धांसाठी एक केंद्र निघत होतं, तिथे मदतीला बायका हव्या होत्या. "भावोजी, बायोडेटा करून द्या. एकदाच केला होता, लग्नाचा. त्यात 'गृहकृत्यदक्ष' लिहिलेलं. ते चालेल का?" आणि स्वतःच हसली.

"बावन्नाव्या वर्षी कशाला वहिनी? दादा उपाशी ठेवतोय का?"

"पोटासाठी नाही हो. कुठेतरी जाऊन मस्टरवर स्वतःच्या नावाची सही करायचीय... एकदा तरी."

फोल्डरमध्ये तिने हाताने लिहून आणलेलं एक पान होतं. मी ते वाचलं नाही. माझ्या मनानेच दहा मिनिटांत टाइप केलं. शिक्षण, दहावी पास. कामाचा अनुभव, नाही. तिने ते बराच वेळ बघितलं. "असंच लिहितात?" म्हटलं, असंच लिहितात. मग फोन नंबरच्या जागी बोट ठेवून म्हणाली, "इथे तुमचा टाका. इंग्रजीत विचारलं तर माझी बोबडी वळेल. तुम्ही नीट सांगाल."

केंद्रातल्या एका बाईंचा फोन आला. इंग्रजीत नव्हे, साध्या मराठीत. मी मीटिंगमधून बाहेर येऊन घेतला. "अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं केलंय का हो त्यांनी कधी?" त्या बाईंनी विचारलं. मी म्हणालो, "नाही, अनुभव काही नाही. घरीच असतात."

आई सात वर्षं अंथरुणावर होती. वहिनी मोबाइलला गजर लावून दर दोन तासांनी तिची कूस बदलायची. मी रविवारी सफरचंदं घेऊन जायचो. त्या बाईंशी मी मुद्दाम खोटं बोललो नाही... त्या क्षणी मला खरंच आठवलं नाही. पुढच्या रविवारी वहिनीने विचारलं, "भावोजी, फोन?" मी म्हटलं, "नाही आला." हे मात्र खोटं. तीन-चार रविवार तिने विचारलं, मग सोडून दिलं.

तेराव्यानंतर दादाने तो फोल्डर माझ्याकडे दिला. तिचं पान मी तेव्हा वाचलं. 'सासूबाईंना सात वर्षे सांभाळले. पाठीला एकही जखम होऊ दिली नाही.' खाली तारीख आणि पूर्ण नावाची सही.

परवा दादाच्या घरी जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाला, "ती म्हणायची, भावोजींचा फोन लागत नसेल त्यांना."

तेवढ्यात शोकेसवरचा वहिनीचा मोबाइल वाजला. चार वाजले होते. आई गेल्यावरही तिने गजर बंद केला नव्हता, आणि दादा अजून तो फोन चार्ज करतो. तो जागचा हलला नाही. मी उठलो, आतल्या खोलीत आईच्या रिकाम्या कॉटपाशी जाऊन उभा राहिलो. चारला डाव्या कुशीवर वळवायचं की उजव्या, ते मला माहीत नव्हतं.