लवूचं खडप

लवू कोयंड्याइतका वेळ पाण्याखाली दम धरणारा माणूस त्या काळात मालवणच्या बंदरावर दुसरा नव्हता, आणि हे त्याला कोणी सांगायची गरज पडत नसे. कुणाचा नांगर खडकात अडकला की माणसं त्याच्या दारात यायची. तो आधी आढेवेढे घ्यायचा, तंबाखू मळायचा, दोन-तीन वेळा आभाळाकडे बघायचा, मग उडी टाकायचा. वर येताना नांगर तर सोडवलेला असेच, शिवाय हातात एखादी लांब मिशांची, कोलंबीहून मोठी शेवंड, जणू ती खाली त्याचीच वाट बघत बसली होती. माणूस फुशारक्या मारणारा, पण अंगात कसब होतं, हे त्याचे हाडवैरीसुद्धा कबूल करत.

त्याची खरी इस्टेट मात्र घरात नव्हती, समुद्रात होती. किनाऱ्यापासून बरंच लांब, चार वाव खोल पाण्याखाली बुडालेल्या खडकांचं एक खडप होतं. वरून काही म्हणजे काही दिसायचं नाही, लाटसुद्धा फुटायची नाही. त्या खडपाच्या कपारींमध्ये शेवंडा खच्चून भरलेल्या असत. ते सापडायचं फक्त जमिनीवरच्या खुणांनी. होडीतून मागे बघत जायचं. इगर्जीचा क्रूस आणि त्यामागच्या डोंगरावरची दरड एका रेषेत आली की थांबायचं नाही, तीच रेष धरून पुढे जायचं. आणि मग उत्तरेकडे किल्ल्याच्या टोकाच्या बुरुजाला पलीकडचा डोंगर येऊन टेकला की तिथे नांगर टाकायचा. वीस हात इकडे-तिकडे झालं की खाली नुसती वाळू.

अशा खुणा देण्याची एक रीत होती. त्या जमिनीवर बोलायच्या नाहीत. घरात नाहीत, देवळात नाहीत, बायकोच्या कानात तर नाहीच नाहीत. देणारा आणि घेणारा दोघांनीच होडी घेऊन त्या जागेवर जायचं आणि तिथे पाण्यावर बोट दाखवून सांगायचं. तसंच दुसऱ्याच्या होडीमागे आपली होडी लावायची नाही. ते करणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, म्हणूनच पाळलं जायचं.

लवूच्या बापाने लवूला असंच नेऊन खडप दिलं होतं. धाकटा गणपत तेव्हा कोवळा होता, म्हणून बाप म्हणाला होता की याची स्वतःची होडी झाली की याला तू दे. पुढच्याच पावसाळ्यात बाप तापाने गेला. पंचावन्न साली गणपतने स्वतःची होडी बांधली, नारळ फोडला, सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं आणि भावाकडे बघत राहिला. लवू म्हणाला, नारळी पौर्णिमा होऊ दे. नारळी पौर्णिमा झाली. मग म्हणाला, शिमगा होऊ दे. शिमगाही झाला. गणपत हा तोंडाने मागणारा माणूस नव्हता. एकदाच, जाळं सुकत घालताना, त्याने विचारलं, "दादा, होडयेत कधी नेतंस?" लवूने ऐकू न आल्यासारखं केलं. पाण्यात बुडून बुडून त्याचे कान खरंच थोडे गेले होते, त्यामुळे हे सोंग त्याला सोयीचं पडायचं.

खरं सांगायचं तर त्याला द्यायचंच नव्हतं. दोन होड्या झाल्या की शेवंडा निम्म्या होतील, हे त्याने बायकोला, आनंदीला दिलेलं कारण. आतलं कारण असं की बंदरावर एकच माणूस जाणतो अशी एक जागा आहे आणि तो माणूस आपण आहोत, या गोष्टीची त्याला चटक लागली होती.

सत्तावन्नच्या जानेवारीत मुंबईहून आठ-नऊ जणांची पार्टी आली. बायका, बाप्ये, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक साहेब, आणि कुणाच्या तरी मांडीवर चावीचा ग्रामोफोन. सकाळी निघायचं, समुद्रात मौजमजा करायची, दुपारच्या जेवणाला परत. दारूबंदीचे दिवस होते, त्यामुळे समुद्र बघण्याची ओढ त्यांना जरा जास्तच होती. गोव्याकडून आलेल्या बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून होडीच्या तळाशी ठेवल्या होत्या. साहेबाकडे आणखी एक नवलाई होती. नाकासकट डोळे झाकणारा विलायती काचेचा चष्मा आणि तोंडात धरायची वाकडी रबरी नळी. पाण्यावर पालथं पडून राहायचं, नळीतून श्वास घ्यायचा आणि तळ बघायचा. लवू पहिल्यांदा ते बघून पोट धरून हसला. श्वास घेत घेत बुडायचं तर बुडायचं कशाला, असं त्याचं म्हणणं.

पार्टीसाठी मोठी होडी भाड्याने घेतली होती. वल्ह्यांवर बसायला गणपत तयार होता, पण लवूने त्याला घेतलं नाही. वेंगुर्ल्याकडचे दोन परके गडी बसवले. आधी त्याने पार्टीला किल्ल्याजवळच्या खडकांपाशी नेलं. तिथलं पाणी गढूळ. साहेबाने चष्मा लावून डोकं घातलं, वर काढलं आणि सांगितलं की शेवाळाशिवाय काही नाही. बायका जांभया देऊ लागल्या. ग्रामोफोनची चावी संपली ती कोणी भरली नाही. साहेब हसत हसत म्हणाला, "आम्हाला सांगितलं होतं, इथे एक माणूस आहे, समुद्राचा तळ त्याच्या ओळखीचा आहे. तो तुम्हीच का?"

एवढं पुरे झालं. लवूने गड्यांना वल्ही उचलायला सांगितली. मनात त्याने हिशेब मांडला तो असा: ही माणसं मुंबईची, यांना क्रूस काय आणि दरड काय, उद्या विचारलं तर किनारा कुठल्या बाजूला होता तेही सांगता येणार नाही. गडी वेंगुर्ल्याचे, त्यांना इथला डोंगर परका. खडपाला धोका एकाच माणसापासून, आणि त्याला तर आपण घरी ठेवलंय. भावाला दोन वर्षं जे दिलं नाही ते त्याने तासाभराच्या ओळखीच्या लोकांना नेऊन दाखवलं, आणि त्यात आपण काही वावगं करतोय असं त्याला वाटलंसुद्धा नाही.

खडपावर पाणी नितळ होतं. साहेब खाली बघत अर्धा तास पाण्यावर पालथा पडून राहिला. मग एकेक जण उतरला, पदर खोचून एक बाईसुद्धा उतरली. वर येऊन जो तो लवूकडे बघायचा, जणू ते खडप त्यानेच बांधलं होतं. शेवटी साहेबाने चष्मा लवूच्या डोळ्यांवर चढवला. लवूने पाण्यात तोंड घातलं. आजवर खारट पाण्यात उघड्या डोळ्यांना जे नुसतं धूसर दिसायचं, हाताने चाचपून जे ओळखायचं, ते खडप त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. जांभळी झुडपं, निळे मासे, कपारीतून बाहेर हलणाऱ्या शेवंडांच्या मिशा. बापाला हे कधी दिसलं नाही, असं त्याच्या मनात आलं. गणपतचं नाव मात्र आलं नाही.

मग तो चष्मा काढून नेहमीसारखा बुडाला आणि दोन्ही हातांत एकेक शेवंड घेऊन वर आला. साहेबाने त्याला होडीच्या काठावर बसवून फोटो घेतला. ऊन तोंडावर येत होतं म्हणून दुसऱ्या बाजूला बसवून आणखी एक घेतला. लवू दोन्ही वेळा छाती काढून बसला. उन्हं चढली तशी पार्टी परत निघाली. बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि येताना सगळे गात होते.

महिन्याभराने पोस्टाने दोन फोटो आले. लवूने ते एकाच चौकटीत शेजारी शेजारी बसवून घेतले. घरात लावले असते तर बघायला कोण येणार? त्याने ते जेटीजवळ आंतोनच्या चहाच्या हॉटेलात, बरोबर गल्ल्याच्या वर लावले. तिथे सकाळ-संध्याकाळ सगळे नाखवे चहाला बसत.

लवूला फोटोत लवू दिसत होता. आपलं पोट जरा सुटलंय एवढी एकच खंत त्याला वाटली.

फोटो लागला त्याच दिवशी गणपत हॉटेलात आला. चौकटीसमोर बराच वेळ उभा राहिला. चहा न घेताच लवूपाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, तो फोटो खाली काढ."

कित्याक, म्हणून लवूने विचारलं. गणपतने आजूबाजूला बघितलं. हॉटेल भरलेलं होतं. तो म्हणाला की उद्या सकाळी माझ्या होडीत चल, थोडं बाहेर जाऊ, तिथे सांगतो. लवूला वाटलं, आलं याचं जुनं गाऱ्हाणं. होडीत नेऊन हा खुणा मागणार, आणि फोटोचा तर याला पोटशूळ उठलाय. त्याने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ज्याचं नशीब असतं त्याचा फोटो निघतो, ज्याचं नसतं त्याने तो बघत चहा प्यावा. चार जण हसले. गणपत तसाच बाहेर गेला.

पाऊस संपून होड्या पुन्हा समुद्रात पडल्या. लवू पहिल्या दिवशी खडपावर गेला तेव्हा तिथे तीन होड्या नांगर टाकून उभ्या होत्या. आठवड्याने सात झाल्या. लवूने आरडाओरडा केला, समुद्र तुझ्या बापाचा काय, असं त्यांनी त्याला विचारलं. खडप बापाचं आहे असं त्याला म्हणायचं होतं, पण ते म्हणून काही उपयोग नव्हता.

चोर कोण, हे त्याने एका रात्रीत ठरवून टाकलं. वेंगुर्ल्याचे गडी त्यानंतर इकडे फिरकले नव्हते. उरला गणपत. हा आपल्या मागून आला असणार आणि सूड म्हणून त्याने गावभर सांगितलं असणार. दसऱ्याला देवळासमोर, लोकांच्या देखत, लवूने भावाला चोर म्हटलं. गणपतची बायको रुक्मिणी रडू लागली. गणपतने तिला हाताला धरून घरी नेलं. तो एक शब्द बोलला नाही, आणि न बोलणं हीच त्याची कबुली असं लवूने धरलं. त्या दिवसापासून दोन घरांतून विस्तवही जाईना.

पुढे बर्फ घेऊन येणारे मुंबईचे व्यापारी शेवंडांना मागेल तो भाव देऊ लागले आणि खडप अक्षरशः ओरबाडलं गेलं. पिल्लांसकट, अंड्यांसकट. त्रेसष्ट सालापर्यंत कपारी रिकाम्या झाल्या. लवूचा दमही कमी झाला होता, कान तर जवळजवळ गेलेच होते. आता ते सोंग नव्हतं.

एक दिवस आंतोन हॉटेलाला रंग देत होता. त्याने चौकट उतरवून पुसली आणि लवूच्या हातात देऊन सहज म्हणाला की काय दिवस होते, या तुझ्या फोटोने किती घरांची चूल पेटवली. लवूला नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्याने मोठ्याने पुन्हा सांगितलं आणि फोटोवर बोट ठेवलं. एका फोटोत लवूच्या खांद्यामागे इगर्जीचा क्रूस, त्यावर बरोबर दरड. दुसऱ्या फोटोत त्याच्या कानाजवळ किल्ल्याचा बुरूज आणि त्याला येऊन टेकलेला डोंगर. हातात शेवंडा होत्याच. यापुढे नाखव्यांना आणखी काय सांगायला हवं होतं? सहा वर्षं ती चौकट त्याने स्वतःच्या हाताने ठोकलेल्या खिळ्यावर होती आणि सहा वर्षं तो तिच्यात फक्त आपलं तोंड बघत होता.

तो तडक गणपतच्या घरी गेला. सहा वर्षांत त्या उंबऱ्यावर त्याने पाय ठेवला नव्हता. गणपत ओसरीवर पत्र्याच्या ट्रंकेत कपडे भरत होता. रेडीला खनिज भरण्याच्या कामावर त्याला नोकरी मिळाली होती आणि होडी त्याने विकली होती. लवूने विचारलं, फोटो बघून तुला कळलं होतं?

"पयल्याच दिसा," गणपत म्हणाला.

"मगे तेव्हाच बोललंस कित्याक नाय?"

"खुणो जमनीर सांगूच्यो नसतत. म्हणान होडयेत चल म्हटलंय. तू इलंस नाय."

अडखळत लवूने आणखी एक विचारलं. सगळं गाव तिथे गेलं, तुला तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं, तू एकदाही का गेला नाहीस? हे विचारताना त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि उत्तर काय येणार हे आतून कळत होतं, तरी ते ऐकल्याशिवाय त्याला जाववेना. गणपतने एक सदरा घडी करून ट्रंकेत ठेवला.

"माका तां कोणी दिल्यान नाय," तो म्हणाला.

लवू म्हणाला की चल, आत्ता चल, माझी होडी आहे, रीतसर नेतो, रीतसर देतो. गणपतने मान हलवली. दादा, आता राहू दे, म्हणाला, मोटार चुकेल. रुक्मिणीने आतून चहा आणून लवूच्या हातात दिला आणि ती पुन्हा भांडी बांधायला आत गेली. लवूने चहा संपवला, कपबशी ओसरीच्या कडेला ठेवली आणि भावाची ट्रंक उचलून मोटार-स्टँडपर्यंत नेऊन दिली. एवढंच गणपतने त्याला करू दिलं.