खिळ्यावरची किल्ली

व्यासराज,

तुझं गॅरेज बंद झालं, वरचा पत्राही परवा उतरवला म्हणे. वेलचेरी स्टेशनाबाहेरचा शेअर ऑटोवाला सांगत होता. ऐकलं आणि किळस आली. कोणाची, ते लिहिते.

वीस वर्षं अड्यारहून गाडी तुझ्याकडेच आणली, कारण तू गिऱ्हाइकाला खुर्चीत बसू देत नव्हतास. चाक उघडलं की मालकानं वाकायचं, ब्रेकच्या झिजलेल्या लायनरवर बोट फिरवायचं. मी चेन्नईच्या कॉलेजात जन्मभर घर्षण शिकवलं. हाताला लागलं ते तुझ्याकडे. गॅरेजपलीकडच्या बिल्डिंगीतला रघुराम मात्र नाकाला रुमाल लावून लांब उभा राहायचा. गेल्या ऑक्टोबरात त्याचं मागचं चाक उघडलंस तेव्हा मी तिथेच होते. ब्रेकचा सिलिंडर गळून ब्रेक शू ओलेचिंब, ब्रेक ऑइल कॉफीच्या डिकॉक्शनसारखं काळं. आत सीटवर मात्र अत्तराची बाटली.

नवा सिलिंडर यायला रात्र झाली. चाक तसंच चढवून ठेवलंस, आणि दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. पाने, पकडी, जॅक सगळे फळीवर चंदन-कुंकू लावून बसलेले. त्या दिवशी तू हत्याराला हात लावत नाहीस. तासाभराचं काम आहे, हा हट्ट मूर्खपणाचा आहे, असं मी तुला तोंडावर सांगितलं. माझ्या हातावर चुरमुरे-गूळ ठेवत तू म्हणालास, "टीचरम्मा, वर्षभर राबतात बिचारे. एक दिवस रघुरामसार बसनं जातील."

त्याला बस नको होती. बिल्डिंगीत सगळ्यांसमोर गाडीची पूजा करून चाकाखाली लिंबं चिरडायची होती. ब्रेक लागत नाही, उद्या न्या, असं तू दोनदा बजावलंस. तू कापूर लावायला वळलास आणि त्यानं खिळ्यावरची किल्ली काढली. मी हटकलं, तर हसला. दोन गल्ल्या तर जायचंय, म्हणाला.

लिंबं चिरडली. मग तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर गाडी थांबेना, आणि बिल्डिंगीचा वॉचमन राममूर्ती, त्याचा पाय भिंतीशी चिरडला.

बिल्डिंगीच्या असोसिएशनच्या सभेत रघुराम बोलला की मेकॅनिकनंच गाडी तयार म्हणून दिली. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातले निम्मे मोटार कंपन्यांत इंजिनिअर. ब्रेक शूला बोट लावलेला एक नाही. तुझ्याकडे गाड्या पाठवायच्या नाहीत, असं ठरलं.

तू एकदाच माझ्या दारात आलास. आत ये म्हटलं तरी आला नाहीस, पायपुसण्यावर उभा राहून हात पुसत राहिलास.

"मी बोललो तर त्यांना माझे हात दिसतात, टीचरम्मा. तुम्ही पाहिलंय. सेक्रेटरीला एकदा सांगा."

रविवारी जाते, म्हटलं. रविवारी लेकीकडे जेवण होतं. पुढच्या रविवारी वेलचेरीत गुडघाभर पाणी. नंतर सेक्रेटरी गावाला गेला असेल, असं मी घरबसल्या ठरवून टाकलं.

रघुरामची किळस येते, पण सगळी त्याच्या माथी मारता येत नाही. सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे. मी गेले नाही.