ठिणगीला कुलूप

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती भिंगं घासायची. कानात चाकाची घरघर, बोटांवर ओली पांढरी पूड आणि डोक्यात पत्ते. पत्ते म्हटलं की लोकांना रमी नाहीतर जुगार आठवतो. हा त्यातला खेळ नव्हे. यात चित्रांचे शेकडो प्रकारचे पत्ते मिळतात. त्यांतले मोजके निवडून जो तो आपला डेक बांधतो आणि दुसऱ्याच्या डेकशी भिडवतो. अर्धी लढाई निवडतानाच झालेली असते.

तिचा डेक कासवांचा. आधी भिंती उभारायच्या, मार खात बसायचं आणि शेवटी ‘थोरलं कासव’ काढून समोरच्याला चिरडायचं. पत्त्यांच्या दुकानात सगळे तिला कासवताई म्हणत. तिथे तिला वहिनी म्हणणारा एकच, आणि दुखणं तेच होतं. धाकटा दीर. नळांची कामं करायचा, घराच्या वरच्या मजल्यावर राहायचा आणि दर रविवारी दुपारी तिच्याआधी दुकानात हजर. त्याचा डेक आगीचा. स्वतः बांधलेला नव्हे, कुठल्याशा विजेत्याचा जसाच्या तसा उतरवलेला. त्यात ‘ठिणगी’ नावाचा एक किरकोळ पत्ता होता. भिंत कितीही जाड असो, ठिणगी आरपार जायची.

“वहिनी, भिंत झकास झालीय. गिलावा करून देऊ का?”

“भाऊजी, एक पत्ता तरी स्वतःच्या डोक्याने निवडा. मग तोंड उघडा.”

“जिंकतोय ना? मग डोकं कशाला शिणवू?”

हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्याचं पाहून अर्धं दुकान तोच डेक घेऊन बसू लागलं होतं. ज्याला त्याला आयतं हवं!

खेळ एकसुरी होऊ नये म्हणून दुकानदाराने एक रीत पाडली होती. महिन्याची स्पर्धा जिंकणाऱ्याला कुलूप मिळायचं. त्याने कोणताही एक पत्ता निवडायचा. सगळ्यांकडचे ते पत्ते काचेच्या कपाटात जमा होत आणि पुढची स्पर्धा संपेपर्यंत तिथेच राहत. शहाणी माणसं कुलूप जपून लावत.

पुढची स्पर्धा वर्षाची शेवटची होती. ती जिंकणारा दुकानातर्फे राजधानीतल्या मोठ्या सामन्यांना जाणार होता. कासवताईला जायचं होतं, आणि तेही आपल्या कासवांना घेऊन. उतरवलेल्या डेकवाल्यांच्या नाकावर टिच्चून.

त्या महिन्यात ती जिंकली. शेवटच्या डावात दिराच्या हाताला ठिणगी लागलीच नाही.

“नशीब तुमचं, वहिनी!” तो हसला. “ठिणगी आली असती तर कासवांचा कोळसा होता.”

तिने किल्ली हातात घेतली. “ठिणगी. कोंडा तिला.”

दुकानदाराने मान हलवली. “ताई, घाई नको. आग कोणाकोणाला जाळते ते आधी बघा.”

“मला जाळते. तेवढं पुरे.”

“तुम्हालाच नाही हो, ती...”

“जिंकलंय कोण? मी का तुम्ही?”

दुकानदाराने सगळ्यांकडच्या ठिणग्या गोळा केल्या. ठिणगी कपाटात गेली.

भिंगातला केसाएवढा ओरखडा जिला दिसायचा, तिला कोपऱ्यातले धुकेकाका दिसले नाहीत. निवृत्त टपाल कारकून, सौम्य गृहस्थ. त्यांचा डेक धुक्याचा. समोरच्याच्या हातातले पत्ते एकेक करून पळवायचे, एवढंच त्याचं काम. पण धुकं दाटायला वेळ लागतो, आणि तोवर आगवाले काकांना जाळून मोकळे होत. काका दर रविवारी हरायचे, ‘आभारी आहे’ म्हणायचे आणि घरी जायचे. त्यांना कोण भिणार?

वर्षाच्या शेवटच्या स्पर्धेत ठिणगीवाचून आग मंदावली. काकांना हवा तेवढा वेळ मिळाला आणि त्यांनी आगवाल्यांना एकामागून एक घरी बसवलं. अंतिम डावात कासवताई त्यांच्यासमोर आली. कासवांचे जड पत्ते हातात धरून वाट बघावी लागते, आणि धुक्याला हातात अडकलेलेच पत्ते आवडतात. तिची भिंत उभी होती, भक्कम. हात मात्र रिकामा होत चालला. शेवटी काकांनी थोरलं कासवही अलगद उचललं.

“छान चित्र आहे हो,” ते म्हणाले.

“खेळा मुकाट्याने!”

ती हरली.

“वहिनी,” मागून दीर म्हणाला, “मांजर तुम्ही बांधून घातलंत. आता उंदरांच्या नावाने बोटं मोडू नका.”

“तुम्ही गप्प बसा!” मग ती दुकानदाराकडे वळली. “आणि तुम्हाला कळत होतं तर बोलला का नाहीत?”

“बोलत होतो. जिंकलंय कोण, असं विचारलंत.”

तिचा राग दुप्पट झाला. तेवढ्यात काकांनी टेबलावरची किल्ली तिच्याकडे सरकवली.

“मला कुलूप नको. एक विचारू? राजधानीत असं कपाट नसेल ना?”

“नसतं,” दुकानदार म्हणाला.

“म्हणजे तिथे ठिणगी मोकळी.” काकांनी आपला डेक नीट जुळवला. “मग मी पहिल्याच डावात राख. ताई, तुम्ही तिच्यापुढे माझ्याहून जास्त टिकला असता.”

ते कुत्सितपणे बोलले असते तर बरं झालं असतं. तिने उलट उत्तर दिलं असतं. ते खरं बोलत होते. राजधानीची जागा तिच्या हातून गेली होती, आणि तीही फुकट. आता राग काढायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. तिने कपाट उघडलं, ठिणग्या बाहेर काढल्या आणि दिरापुढे हात केला.

“तुमचा डेक द्या.”

“माझा? उतरवलेला?”

“द्या म्हणते ना!”

त्याने दिला. तिने त्यात ठिणग्या घातल्या, पत्ते पिसले आणि काकांसमोरची खुर्ची ओढली.

“धुकं दाटायच्या आत मी तुम्हाला जाळणार. दर रविवारी. सुरुवातीला टिकतील असे पत्ते तुमच्या डेकमध्ये येईपर्यंत.”

“पण त्यांच्यासाठी काढू कोणते?”

“जळाल तेव्हा कळेल. उचला पत्ते.”

पत्ते वाटले. तिने पहिलीच ठिणगी सपकन टेबलावर आपटली. दीर हळूच तिच्यामागे येऊन उभा राहिला.

“वहिनी, ठिणगी पहिल्यांदा नाही टाकायची. आधी...”

“माहितीये मला!”

तिला माहीत नव्हतं. तिने ठिणगी परत हातात घेतली. “हं. आधी काय?”